जीर्णोद्धाराचा विवेक : म्युनिक, जुने गोवे आणि आपली गावे

प्रार्थनामंदिर जीर्ण झाले की त्याचा उद्धार करणे हे पुण्यकर्म होय, ही भावना आपल्या भूमीत फार जुनी आहे. आणि ती केवळ ख्रिस्ती माणसाची नाही. पण 'जीर्णोद्धार' हा शब्द आपण जितक्या सहजपणे उच्चारतो, तितका तो सहज नाही. जीर्ण झाले ते नेमके काय, आणि उद्धार करावयाचा तो कशाचा? भिंतीचा, भिंतीच्या वयाचा, की त्या भिंतींच्या आत पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करीत आलेल्या मंडळीच्या स्मृतीचा? हे प्रश्न सोडविल्याशिवाय हातोडा हाती घेणारा मनुष्य, तो कितीही श्रद्धाळू वा विद्वान असो, मंदिराला तारीत आहे की मारीत आहे हे सांगता येत नाही.

प्रस्तुत लेखात दोन वास्तुविशारदांच्या कार्याची तुलना करावयाची आहे. एक पोर्तुगीज, ज्यांचा हात आपल्या जुन्या गोव्याला लागला. दुसरे जर्मन, ज्यांनी गोवे कधी हाताळले नाही, परंतु ज्यांच्या कार्यापासून गोव्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दोघेही साधारणतः एकाच पिढीचे. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात दोघांचीही महत्त्वाची कामे चालू होती. दोघांच्याही कामाचा दृश्य परिणाम वरवर पाहता सारखाच, म्हणजे गिलाव्याविना उघडी भिंत. तरीही एकाच्या कामाला जीर्णोद्धार म्हणावे आणि दुसऱ्याच्या कामाला म्हणू नये, असे आमचे मत आहे. त्या मताची कारणे पुढे दिली आहेत.

१. बाल्ताझार द कास्त्रो यांची कारकीर्द

पोर्तुगालमध्ये १८३४ साली धर्मसंघ बरखास्त झाले आणि असंख्य मठ व मंदिरे निराधार झाली. पुढे जवळजवळ एक शतक ती पडीक राहिली. १९२९ साली राष्ट्रीय इमारती व स्मारके यांचे महासंचालनालय स्थापन झाले, त्या वेळी या वास्तूंकडे शासनाचे पद्धतशीर लक्ष गेले. बाल्ताझार द कास्त्रो हे त्या खात्यातील एक प्रमुख वास्तुविशारद. उत्तर विभागाच्या स्मारकांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढे संपूर्ण देशाच्या स्मारकसेवेचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले.

या खात्याने कोसळणारी छपरे सावरली, तडे गेलेले खांब उभे केले, झाडोऱ्याने गिळलेली मंदिरे मोकळी केली. हे श्रेय न देणे अन्यायाचे होईल. परंतु त्या खात्याचे एक तत्त्वज्ञान होते आणि ते मात्र तपासून घेतले पाहिजे. त्यांच्या मते प्रत्येक स्मारकाचे एक 'खरे' युग असते. पोर्तुगालच्या बाबतीत ते युग म्हणजे राष्ट्राच्या जन्माचा मध्ययुगीन काळ. त्यानंतरच्या शतकांनी मंदिरात जे जे घातले, सोनेरी मुलाम्याच्या वेदी, गिलावा, रंगकाम, नव्या खिडक्या, ते सारे भर नसून मळ आहे, असे त्यांनी मानले. मळ काढला की खरे रूप प्रकट होते, हे ओघानेच आले. ज्या मंदिरावर इसवी सन ९१२ चा शिलालेख आहे, त्या लोरोझा येथील संत पेत्राच्या मंदिराचे कास्त्रो यांनी केलेले काम या विचाराचे ठळक उदाहरण आहे. आज ते मंदिर पाहताना दहावे शतक किती आणि विसावे शतक किती, हे तज्ज्ञालाही सहजी सांगता येत नाही. पोर्तो येथील कॅथेड्रललाही याच धोरणाचा स्पर्श झाला.

हे धोरण निव्वळ कलेचे नव्हते. सालाझार यांच्या राजवटीला प्राचीन, अखंड आणि निष्कलंक अशा राष्ट्राचे चित्र हवे होते. १९४० साली राष्ट्रस्थापनेचे आठशेवे आणि स्पेनपासून मिळालेल्या स्वातंत्र्याचे तीनशेवे वर्ष एकत्र साजरे झाले, आणि सोलून स्वच्छ केलेली मंदिरे त्या उत्सवाची पार्श्वभूमी झाली. प्रार्थनेची जागा अशा रीतीने पुराव्याची जागा झाली. या राजवटीने ख्रिस्तसभेचा सन्मान केला हे खरे. पण सन्मान करता करता तिची मंदिरे स्वतःच्या इतिहासाची साक्षीदार म्हणून उभी केली, हेही तितकेच खरे.

२. जुन्या गोव्यातील हात

१९५० नंतर कास्त्रो यांचे कार्यक्षेत्र गोव्यापर्यंत पोचले. काळ लक्षात घेतला पाहिजे. भारत स्वतंत्र झाला होता आणि गोव्याची मागणी करीत होता. १९५१ साली पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असे नाव दिले. १९५२ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला चारशे वर्षे पूर्ण होणार होती, आणि डिसेंबर १९५२ ते जानेवारी १९५३ या काळात पवित्र अवशेषांचे दर्शन ठरले होते. जुने गोवे हे चार शतकांच्या पोर्तुगीज वास्तव्याचे प्रमाणपत्र म्हणून जगापुढे मांडण्याची निकड राज्यकर्त्यांना वाटत होती.

जुन्या गोव्याची तत्कालीन स्थिती मात्र शोचनीय होती. १७५९ मध्ये येशूसंघीयांना हद्दपार करण्यात आले. १८३५ मध्ये उरलेले धर्मसंघही बरखास्त झाले. १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला. संत अगस्तीनच्या महामंदिराचे छत १८४२ मध्ये कोसळले, पुढे १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. त्याची घंटा पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिरात गेली. अशा ठिकाणी कोणीतरी हात घालणे आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हात कसा घातला याबद्दल.

बॉम जीझस मंदिराची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी महागुरुस्वामी आलेइशो द मेनेझेस यांनी त्याचे अभिमंत्रण केले. १९४६ साली त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. भिंती जांभ्याच्या, दर्शनी भागातील कोरीव कामासाठी मात्र वसईकडचा काळा दगड आणला गेला. मराठी वाचकाने हे लक्षात ठेवावे, कारण गोव्याच्या या वैभवात आपल्या वसईच्या खाणींचाही वाटा आहे. जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात कास्त्रो यांच्या योजनेनुसार बाहेरच्या भिंतींवरील हा गिलावा उतरविण्यात आला. उघडा दगड अधिक प्राचीन दिसतो, ही जी समजूत पोर्तुगालच्या कातळी मंदिरांत रुजली होती, तीच येथे जशीच्या तशी आणली गेली.

येथे प्रमाद दुहेरी आहे. पहिला इतिहासाचा. पोर्तुगालच्या मध्ययुगीन मंदिरांवरील गिलावा पुष्कळदा नंतरचा होता, म्हणून तो काढण्याला निदान तर्काचा आधार तरी होता. गोव्यात तोही नाही. जांभ्याचे बांधकाम गिलाव्यासाठीच असते. गिलावा हा त्याच्यावर नंतर घातलेला झगा नसून जन्मासोबत आलेली कातडी आहे. मंदिराच्या आयुष्यात ते उघडे असे कधी नव्हतेच. तेव्हा मूळ रूपाच्या नावाखाली जे प्रकट केले गेले, ते रूप १५९४ चेही नव्हे आणि १६०५ चेही नव्हे. ते विसाव्या शतकाच्या मध्याचे आहे. लाखो यात्रेकरू आज ज्या तांबड्या भिंतीकडे पाहून 'किती जुने!' असे उद्गार काढतात, ते दृश्य त्या मंदिराच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत नवे दृश्य आहे.

दुसरा प्रमाद दगडाच्या स्वभावाचा. जांभा कोकणात कोणाला ठाऊक नाही? खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने त्याचे चिरे घडविता येतात, आणि वाऱ्याउन्हात तो कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असतो. लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांच्या जाळीत मातीचे कण धरलेले असतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात ते कण हळूहळू धुऊन जातात, आतील पोकळ्या वाढतात, त्यांत शेवाळ व रोपे धरतात, आणि चिरा भुसभुशीत होऊ लागतो. आपल्या आजोबा-पणजोबांना रसायनशास्त्र येत नव्हते, तरी पावसाळ्यापूर्वी घराच्या वाऱ्याकडील भिंतींना झावळ्यांची झापे बांधावीत आणि पावसाळा सरला की चुना फासावा, हे ज्ञान त्यांना होते. शिंपल्या भाजून केलेला चुना भिंतीला झाकतो, पण तिचा श्वास कोंडत नाही. आत शिरलेला ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो. झीज होते ती चुन्याची, चिऱ्याची नव्हे. चुन्याचा गिलावा म्हणजे भिंतीसाठी स्वतः झिजणारा थर. हे रूपक आपल्याला ईशज्ञानाच्या वर्गात शिकविण्याची आवश्यकता नसावी.

२०२० साली बॅसिलिकेच्या रेक्टरांनी जाहीर आवाहन करून, गिलावा पुन्हा न केल्यास जांभ्याची धूप थांबणार नाही, अशी चिंता व्यक्त केली. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील मंदिराच्या धर्मगुरूला असे आवाहन करावे लागावे, यातच त्या जुन्या निर्णयाचे मूल्यमापन आहे.

३. जर्मनीतील वाद आणि म्युनिकचा धडा

ज्या प्रश्नाने गोवे आज ग्रस्त आहे, तो जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला होता. कोलोन येथील कॅथेड्रल १२४८ मध्ये आरंभिले गेले, सोळाव्या शतकात अर्धवट थांबले, आणि १८४२ ते १८८० या काळात पूर्ण झाले. या यशाने जर्मन वास्तुविशारदांना एक प्रकारची नशा चढली. मध्ययुगाने अपुरे ठेवलेले पुरे करावयाचे, बदललेले 'शुद्ध' करावयाचे, असा ध्यास अनेकांनी घेतला. कार्ल शेफर हे त्यांतील एक विद्वान आणि कुशल नाव. माइसेन येथील कॅथेड्रलचे पश्चिमेकडील मनोरे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले. मध्ययुगीन शैलीवर त्यांचे इतके प्रभुत्व होते की आपण त्याच काळचे एक शिल्पी आहोत असे त्यांना वाटत असावे. आणि धोका नेमका तेथेच होता.

हायडेलबर्गच्या भग्न राजवाड्याची पुनर्रचना करण्याची शेफर यांची योजना पुढे आली, तेव्हा कलेतिहासाचे अभ्यासक गेओर्ग देहिओ यांनी १९०१ साली तिला जाहीर विरोध केला. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा सांगता येईल की जपणूक हे आपले कर्तव्य आहे, पुनर्रचना हा आपला अधिकार नाही. गेलेले गेले हे मान्य करण्याचे धैर्य ज्याला नाही, तो उरलेलेही खोटे करून ठेवतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हाच विचार सर्व जगासाठी नियमबद्ध केला. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि वास्तूत प्रत्येक युगाने घातलेली सार्थ भर आदराने राखावी, ही त्या सनदेची दोन मुख्य सूत्रे आहेत.

हान्स ड्योलगास्ट यांच्या कार्याचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात ते प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात ते शहर उद्ध्वस्त झाले. राजा लुडविग पहिला याने बांधविलेले, १८५० मध्ये अभिमंत्रित झालेले संत बोनिफासचे पाच दालनांचे भव्य बेनेडिक्टाइन मंदिर त्यात होरपळले. भिंतींवरील चित्रे नष्ट झाली, छत गेले. युद्धानंतर ड्योलगास्ट यांच्यासमोर दोन सोपे मार्ग होते. अवशेष पाडून नवे बांधावे, किंवा जुन्या चित्रांवरून हुबेहूब नक्कल उभी करावी. त्यांनी दोन्ही नाकारले. मंदिराचा दक्षिणेकडील भाग त्यांनी उपासनेसाठी सावरला, वर साधे लाकडी छत घातले, भिंती भाजल्या-सोललेल्या होत्या तशाच, विटांचा पोत दिसेल अशा ठेवल्या. मंदिर लहान झाले, गरीब झाले, पण खोटे झाले नाही. तेथे प्रार्थनेला बसणाऱ्याला आपल्या शहरावर काय ओढवले आणि आपल्या राष्ट्राने जगावर काय ओढविले, हे भिंत मूकपणे सांगत राहते.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम मंदिराचे नाही, चित्रसंग्रहालयाचे आहे. परंतु त्याचा उल्लेख केल्याशिवाय त्यांची रीत उमगत नाही. आल्टे पिनाकोथेक या इमारतीच्या मध्यभागी बॉम्बने मोठे खिंडार पाडले होते. ती पाडून टाकावी असे म्हणणारे पुष्कळ होते. १९५२ ते १९५७ या काळात ड्योलगास्ट यांनी ते खिंडार शहराच्या ढिगाऱ्यांतून गोळा केलेल्या जुन्या विटांनी भरून काढले. खिडक्यांची मूळ लय त्यांनी पाळली. मूळ नक्षीकाम मात्र पुन्हा कोरले नाही. त्यामुळे दुरून पाहता इमारत अखंड दिसते, आणि जवळ गेल्यावर जखम कोठे होती हे स्पष्ट दिसते. व्रण झाकला नाही आणि मिरविलाही नाही.

४. सारखे दिसणारे, पण सारखे नसलेले

आता आक्षेपक विचारील की मग फरक तो काय? म्युनिकमध्ये उघड्या विटा, जुन्या गोव्यात उघडा जांभा. एकाची वाहवा आणि दुसऱ्याला दोष का?

फरक असा. ड्योलगास्ट यांनी काहीही काढले नाही. जे गेले ते युद्धाने नेले होते. त्यांनी उरलेले धरून ठेवले आणि गरजेपुरती भर घातली, ती ओळखू येईल अशा रीतीने. कास्त्रो यांनी धडधाकट अंगावरचे काढले. एकाने जखमेची सेवा केली, दुसऱ्याने सौंदर्यासाठी जखम निर्माण केली. एकाची उघडी भिंत जे घडले ते सांगते. दुसऱ्याची उघडी भिंत जे कधीच नव्हते ते सांगते. पुरावा देणारी भिंत आणि बनावट पुरावा झालेली भिंत, यांत हे अंतर आहे. शिवाय ड्योलगास्ट यांच्या कामाला प्रथमपासून मंडळीच्या उपासनेचे प्रयोजन होते. कास्त्रो यांच्या कामाला पाहुण्याच्या नजरेचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गिलावा काढून सत्तर वर्षे होत आली. गोव्यातील दोन-तीन पिढ्यांनी बॅसिलिका तांबडीच पाहिली. त्यांच्या विवाहाची, दर्शनाची, नवसांची स्मृती त्या रंगाशी जडली आहे. मग प्रत्येक युगाची भर राखावी हे सूत्र कास्त्रो यांच्या युगालाही लागू करावयास नको काय? आज पुन्हा गिलावा घालणे म्हणजे दुसऱ्या बाजूने तोच प्रमाद नव्हे काय?

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झिडकारता येणार नाही. परंतु त्याला तीन उत्तरे आहेत. पहिले, भर राखावयाची असते, उणीव नव्हे. कास्त्रो यांनी भिंतीला काही दिले नाही, तिच्याकडून घेतले. दुसरे, येथे अनुमानाचा प्रश्न येत नाही. १९५० पूर्वीची छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि गिलाव्याचे तंत्र कोकणात अजून सर्वस्वी मेलेले नाही. तिसरे आणि निर्णायक म्हणजे, रूपाचा वाद भिंत उभी असेपर्यंतच घालता येतो. भिंतच झिजत असेल तर तिचे रक्षण प्रथम. मात्र येथे ड्योलगास्ट यांची रीत आपल्याला सहाय्यभूत होते. नवा चुना सोळाव्या शतकाचा आहे असे भासविण्याचे कारण नाही. एखाद्या आडोशाच्या भिंतीवर जांभा उघडा ठेवून, येथे असे झाले होते, हे पुढील पिढीला वाचता येईल असे ठेवावे. पोटतिडकीने तांबड्या भिंतीची बाजू घेणाऱ्या भाविकांच्या स्मृतीचाही मान त्यामुळे राखला जाईल.

५. ईशज्ञानाची बाजू

हा विषय वास्तुशास्त्राचा आहे, धर्मगुरूंनी त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु गिलाव्याचा प्रश्न हा मुळात परंपरेचा प्रश्न आहे. सर्वांत जुने तेच सर्वांत खरे, आणि मधल्या शतकांनी जे वाढविले ते सारे विकृतीच, हा विचार दगडापुरता राहत नाही. तो उपासनेत आणि श्रद्धेतही शिरतो. पोप पायस बारावे यांनी १९४७ च्या 'मेदियातोर देई' या विश्वपत्रात नेमक्या याच वृत्तीवर टीका केली आहे. केवळ प्राचीन आहे म्हणून एखादी रीत श्रेष्ठ ठरत नाही, आणि वेदीला पुन्हा आद्यकालीन मेजाचे रूप देण्याचा आग्रह हा पुरातनाचा अतिरेक होय, असा त्यांचा आशय आहे. मुळांकडे वळणे वेगळे आणि मुळांपर्यंत झाड सोलत नेणे वेगळे. विश्वपत्र प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच वर्षांत जुन्या गोव्यात भिंतीबाबत तोच अतिरेक व्हावा, आणि तो ख्रिस्तसभेचा सन्मान म्हणून व्हावा, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

उलट टोकही टाळले पाहिजे. जे आहे ते कधीच बदलू नये, ही वृत्तीसुद्धा श्रद्धेची नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेच्या नवीकरणाचा मार्ग खुला केला. त्याच संविधानात पवित्र वस्तू व मौल्यवान कलाकृती यांची विल्हेवाट लागू नये म्हणून दक्ष राहण्याची सूचनाही महागुरुस्वामींना दिली आहे. आपण पहिला भाग उत्साहाने वाचला, दुसरा पुष्कळदा वाचलाच नाही.

एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात दुसऱ्या मंदिराचा पाया घातला जातो तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध रडतात आणि इतर आनंदाने जयघोष करतात. रडणे कोणते आणि जयघोष कोणता हे लोकांना वेगळे ओळखता येत नाही. जीर्णोद्धाराचे इतके सत्य वर्णन अन्यत्र क्वचितच असेल. वृद्धांचे रडणे ऐकू न येणारा जीर्णोद्धार हा उन्माद आहे, आणि तरुणांचा जयघोष दाबून टाकणारा जीर्णोद्धार हे संग्रहालय आहे.

६. पेडणे आणि डिचोली

जुन्या गोव्यावर बोलणे सोपे, कारण तेथील निर्णय इतरांनी घ्यावयाचा आहे. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या हाती असलेली मंदिरे निराळी आहेत. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज राज्यात आले. या नव्या काबिजादी. तिसवाडी, बार्देस, साष्टी यांच्याहून सुमारे अडीच शतके उशिराच्या. येथे हिंदू प्रजेच्या धर्माला अभय दिले गेले होते. म्हणून येथे मंदिरे थोडी, मंडळी लहान, आणि शेजार बहुसंख्य हिंदूंचा. पेडण्याचे संत योसेफाचे, डिचोलीचे कृपामातेचे, हरमलचे कार्मेल मातेचे, अशा मंदिरांना सोनेरी महावेदींचे वैभव नाही. युनेस्कोच्या यादीत त्यांची नावे येणार नाहीत. त्यांच्यासाठी जर्मनीहून वा पोर्तुगालहून कोणी वास्तुविशारद येणार नाही. तेथील वास्तुविशारद म्हणजे धर्मगुरू, धर्मशिक्षक आणि गावचा गवंडी.

तेरेखोलचे उदाहरण घ्यावे. नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून असलेला हा किल्ला पेडणे तालुक्यात मोडतो. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून तो १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. त्याच्या तटाच्या आत संत अंतोनीचे लहानसे मंदिर आहे. पुढे किल्ल्याचे हॉटेल झाले आणि वास्तू टिकली, हे नाकारता येत नाही. परंतु प्रार्थनामंदिर हे पाहुण्यांच्या अंगणातील शोभा झाले म्हणजे ते जिवंत राहिले असे म्हणता येईल काय? भिंत वाचणे आणि मंदिर वाचणे या दोन गोष्टी आहेत. जे मंदिर वर्षातून काही दिवस तरी गावाच्या प्रार्थनेने भरते, तेच खऱ्या अर्थाने जपले गेले.

डिचोली तालुक्यात आणखी एक वास्तू आहे, जिच्याकडे पाहिल्याशिवाय आपल्याला जीर्णोद्धाराचा उच्चार करण्याचा अधिकार पोचत नाही. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय. मूळ देवालय दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेले आणि देवाला नदीपलीकडे नार्व्यात आश्रय मिळाला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथे देवालय उभारविले. गोवा शासनाने अलीकडे त्याचे जतनकार्य केले आणि २०२३ मध्ये ते पूर्ण होऊन देवालय भक्तांसाठी पुन्हा खुले झाले. आपल्या मंदिरांच्या प्राचीनतेचा अभिमान बाळगताना, त्या प्राचीनतेच्या आरंभी दुसऱ्या कोणाचे तरी जीर्ण-शीर्ण झालेले देवालय आहे, ही जाणीव मनात ठेवली पाहिजे. कास्त्रो यांच्या शुद्ध आणि गौरवशाली गतकाळात या जाणिवेला जागा नव्हती. आपल्या जीर्णोद्धारात ती असावी. ड्योलगास्ट यांनी आपल्या राष्ट्राचा व्रण झाकला नाही. आपणही आपल्या इतिहासाचा झाकू नये.

आता प्रत्यक्ष व्यवहाराविषयी. कास्त्रो यांनी गिलावा काढून जे केले, ते आपल्या गावांत आपण सिमेंट चढवून करीत असतो. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा बसला की आत शिरलेला ओलावा कोंडतो, क्षार भिंतीत साचतात, आणि सुबक दिसणाऱ्या कवचाच्या आत चिरा सडत राहतो. लाकडी वेदीवर तैलरंगाचा जाड हात, जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स, कौले उतरवून ओतलेली स्लॅब, ही कामे सणाच्या आधी घाईने होतात. देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. मंडळी टाळ्या वाजविते. यामागची भक्ती खरी असते, म्हणूनच ती वाया जाऊ नये. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कॅनन ११८९ सांगतो की प्राचीनता, कला वा भक्ती यांमुळे मौल्यवान असलेल्या प्रतिमा धर्मप्रांताधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय दुरुस्त करू नयेत, आणि परवानगी देण्यापूर्वी त्याने तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कॅनन १२१६ मंदिराच्या बांधकामासाठी व दुरुस्तीसाठीही तज्ज्ञांच्या सल्ल्याची अपेक्षा करतो. हे नियम अडथळे नव्हेत. घाईतल्या भक्तीला विचारासाठी अवधी देणे हा त्यांचा हेतू आहे.

पेडण्या-डिचोलीतील, आणि त्यांच्या पलीकडे २००५ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतातील धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यापुढे म्हणून काही साध्या गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. हात लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, वेदीचे, फरशीचे छायाचित्र घेऊन ते धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवावे. गावातील सर्वांत वृद्ध स्त्री-पुरुषांना विचारावे की पूर्वी काय कोठे होते. चुना कालविता येणारा गवंडी शोधावा आणि त्याच्या हाताखाली एक तरुण द्यावा. प्रथम छप्पर आणि पन्हळी पाहाव्यात, भिंतीचा रंग मागाहून. कारण पाणी थांबले तर भिंत आपोआप थांबते. जे बदलणे अपरिहार्य असेल ते बदलावे, परंतु बदल ओळखू येईल असा ठेवावा, आणि काढलेली वस्तू भंगारात देऊ नये.

असीसीच्या संत फ्रान्सिस यांना दामियानोच्या पडक्या मंदिरात, माझे घर दुरुस्त कर, अशी हाक ऐकू आली, आणि त्यांनी आधी खरोखरच दगड वाहून आणले. त्या हाकेचा व्यापक अर्थ त्यांना मागाहून उमगला. आपण पुष्कळदा उलट करतो. ख्रिस्तसभेच्या नवीकरणावर प्रवचने देतो आणि भिंतीतील ओल तशीच राहू देतो. दगडाशी प्रामाणिक राहणे हा आत्मिक कामाचा पहिला धडा होऊ शकतो. दरवर्षी पावसाळा सरल्यावर एखाद्या लहान मंदिराच्या भिंतीला गावकऱ्यांनी मिळून फासलेला चुना हे कोणत्याही सनदेत नोंदले जाणारे काम नाही. तरीही मंदिर शतकानुशतके उभे राहते ते त्याच हातांवर, आणि त्या हातांना योग्य ते शिकविणे हे आपले, म्हणजे धर्मगुरूंचे व धर्मशिक्षकांचे, कर्तव्य आहे.